ऑक्टोबरफेस्टला आम्ही चौदा जण: एकत्र बसायला जागा कशी धरायची?

पर्वतीपायथा

नमस्कार मंडळी. या वर्षी म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टला जायचं ठरतंय आणि घोडं अडलंय ते बसायच्या जागेवर.

गट मोठा आहे. पुण्याहून आई-बाबा, काका-काकू आणि आम्ही दोघं. स्टुटगार्टहून बहीण, मेव्हणे आणि त्यांची दोन मुलं (भाचा चार वर्षांचा, भाची नऊची). नेदरलँड्सहून कॉलेजचे चार मित्र. झाले चौदा. ज्येष्ठ मंडळी सत्तरीच्या आगेमागे, बाबांचा गुडघा दुखरा. पाच जण शाकाहारी. आई आणि काकू बिअर घेणार नाहीत, पण तो माहोल बघायची हौस सगळ्यात जास्त त्यांनाच आहे.

उत्सव १९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर २०२६. आमच्याकडे दहा दिवसांचा गणपती असतो, विसर्जन २५ ला. म्हणजे आम्हाला शेवटचा आठवडाच मिळतो.

माझं म्हणणं एवढंच की सगळ्यांनी एकत्र बसायला हवं. चार जण इकडे, सहा तिकडे असं फिरायचं असेल तर एवढ्या लांब येऊन काय उपयोग? आरक्षण करावं का, केलं तर कोणत्या वेळेचं? आरक्षणाशिवाय चौदा जणांना जागा मिळते का? अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर लिहावं.

इसारकाठचा

म्युनिककर आहे, तेव्हा सुरुवात मी करतो.

इथला पहिला नियम: जागा नाही तर बिअर नाही. मैदानात शिरायला पैसे लागत नाहीत, तंबूत शिरायलाही नाहीत. पण बाकावर बसल्याशिवाय तुमची ऑर्डर कोणी घेत नाही. होफब्रॉयच्या तंबूत उभं राहून पिणाऱ्यांसाठी वेगळा भाग आहे, तेवढा अपवाद. बाबांच्या गुडघ्याला तो काय कामाचा?

मोठे तंबू १४. प्रत्येकाचा चालक वेगळा आणि आरक्षण थेट त्याच्याकडेच करायचं असतं. टेबल सहसा दहा जणांचं, एका बाकावर पाच आणि समोर पाच. टेबल अख्खंच घ्यावं लागतं. खुद्द आरक्षणाला पैसे नाहीत, पण जेवणाबिअरची कुपनं आगाऊ विकत घ्यावी लागतात. नेहमीचं प्रमाण माणशी दोन मास बिअर (एक मास म्हणजे एक लिटर) आणि अर्धी भाजलेली कोंबडी.

आणि आरक्षण मिळालं नाही तर सगळं संपलं असं समजू नका. काही जागा मोकळ्या ठेवायच्या, असा शहराचा नियमच आहे. सोमवार ते शुक्रवार किमान पाव भाग. शनिवार, रविवार आणि ३ ऑक्टोबरच्या सुट्टीला दुपारी तीनपर्यंत निम्मा भाग आणि नंतर ३५ टक्के. या मोकळ्या जागा बहुतेक तंबूच्या मधल्या भागात असतात, बँडच्या भोवती.

तुमच्यासाठी माझं मत: सोमवार ते गुरुवार, दुपारच्या पाळीचं आरक्षण. संध्याकाळचा विचार सोडून द्या.

निळीशाई

वाचतेय. आमचंही चाललंय. वाचनखूण साठवली.

हिशेबनीस

इसारकाठचा यांनी छान सांगितलंय, पण 'चौदा' हा आकडाच अडचणीचा आहे, तिकडे कोणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही.

टेबल दहाचं. एक घेतलं तर चार जण बाहेर. दोन घेतली तर वीस जणांची कुपनं घ्यायची आणि बसणार चौदा, त्यातली दोन लहान मुलं. २०२५ मध्ये एका मासचा भाव तंबूनुसार १४.५० ते १५.८० युरो होता. दोन मास आणि अर्धी कोंबडी धरली तर माणशी पन्नास युरोंच्या आसपास जातात. म्हणजे सहा रिकाम्या जागांचे तीनशे युरो, तेही दुपारच्या साध्या पाळीत. शनिवारी संध्याकाळी किमान रक्कम बऱ्याच ठिकाणी याहून चढी असते.

तेव्हा दोनच मार्ग. चार मित्रांना मोकळ्या जागेत बसवा, नाहीतर आणखी सहा माणसं शोधा.

टेकडीवरचा

माझं मत उलटं आहे. आरक्षणाच्या भानगडीत पडूच नका.

आठवड्यातल्या साध्या दिवशी सकाळी दहाला बिअर सुरू होते. साडेदहा-अकराला तंबूत शिरा, निम्मी टेबलं रिकामी असतात. चौदा जण एकमेकांना लागून असलेल्या दोन टेबलांवर आरामात बसतात. बसल्यावर जे हवं ते मागवा, जेवढं हवं तेवढंच.

अजून एक. ज्या टेबलांवर आरक्षणाची चिठ्ठी लावलेली असते तिथेही बसता येतं. चिठ्ठीवर वेळ असते. चारपासून आरक्षित असेल तर चारला उठायचं, बस्स. हे माहीत नसल्यामुळे अर्धे पर्यटक चिठ्ठ्या बघून मागे फिरतात आणि जागा तशीच राहते. वाढणाऱ्या बाईंना आधी विचारा, त्या स्वतःच दाखवतात.

कुपनांत पैसे अडकवून वर शाकाहाऱ्यांच्या नावावर कोंबडी घेण्यापेक्षा हे शंभरपट बरं.

लेकुरवाळी

टेकडीवरचा, तुम्ही मोकळेढाकळे दोघं-तिघं असाल म्हणून हे जमतं. सोबत चार वर्षांचं मूल आणि सत्तरीचे आईवडील असतील तर 'मिळेल जागा' यावर निघता येत नाही. पाऊस आला की बाहेरच्या बागेतली सगळी गर्दी आत शिरते आणि अकरालाच तंबू भरतो. मग माणसं घेऊन या तंबूतून त्या तंबूत फिरा.

मुलांसाठीचे नियम सांगते, कारण ते ऐनवेळी अडवतात. सहा वर्षांखालच्या मुलांना आईवडील सोबत असले तरी रात्री आठनंतर तंबूत थांबता येत नाही. बाबागाडी शनिवारी आणि ३ ऑक्टोबरला मैदानात चालतच नाही, बाकीच्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंतच. मंगळवारी मुलांच्या पाळण्यांना आणि खेळांना सवलत असते. भाचा-भाची दोघं खूश होतील.

बॅगेचंही ध्यानात ठेवा. तीन लिटरपेक्षा मोठी पिशवी किंवा पाठीवरची सॅक आत नेऊ देत नाहीत. डायपर, जादा कपडे, खाऊ हे सगळं छोट्या पिशवीत बसवा.

सांगलीची_हळद

शाकाहाऱ्यांची काळजी करू नका हो. केझश्पेत्सले मागवा, चीजमध्ये घोळवलेल्या घरगुती नूडल्स, वर तळलेला कुरकुरीत कांदा. एका ताटात एक माणूस पोटभर जेवतो. ओबाझ्डा म्हणजे पिकलेलं चीज, लोणी आणि पाप्रिका एकत्र मळून केलेलं, ते हाताएवढ्या ब्रेझेलला (पीळ दिलेला खारा पाव) लावून खायचं. सोबत मीठ लावून पिळदार कापलेला पांढरा मुळा. गोडात कायझरश्मार्न, म्हणजे तुकडे केलेला जाडसर गोड पॅनकेक. आमच्या सासूबाईंनी तर मुळा आणि ब्रेझेलवरच दुपार काढली आणि तृप्त होत्या.

फक्त आरक्षण करताना एक विचारून घ्या: कोंबडीच्या कुपनावर त्याच रकमेचा शाकाहारी पदार्थ मिळतो का? बऱ्याच तंबूंत मिळतो, काही ठिकाणी शाकाहारी कुपन आधीच निवडावं लागतं. बिअरच्या कुपनाचंही तसंच, बिनअल्कोहोलची बिअर किंवा सरबत चालतं का ते आधी लेखी घ्या.

गोदाकाठ

अवांतर: २५ ला विसर्जन म्हणजे २७ पासून पितृपक्ष. पर्वतीपायथा, घरात कोणाची तिथी आहे का बघितलंत? आधी तिथी बघा, मग विमानाचं तिकीट काढा. आमच्याकडे यावरून सहल पुढे ढकलली होती.

पर्वतीपायथा

@गोदाकाठ, बरी आठवण केलीत. आजोबांची तिथी द्वादशी, तोवर आम्ही परत आलेले असू. आईला विचारलं तर म्हणाली, 'मी मुळा खाणार आहे, मला काय होतंय?' काका मात्र तेव्हापासून पंचांग घेऊन बसलेत.

गप्पिष्ट

काकांना सांगा, पूर्वजांच्या नावाने पहिला घोट बाजूला काढा. :)

इसारकाठचा

टेकडीवरचा आणि लेकुरवाळी, दोघांचंही बरोबर आहे, पण ज्येष्ठांबद्दल कोणी नीट लिहिलेलं नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

तंबूतल्या बाकांना पाठ नसते. नुसती अरुंद फळी. तरुण माणसाला पहिला तास काही वाटत नाही, सत्तरीच्या माणसाला वीस मिनिटांत कंबर जाणवते. म्हणून आरक्षणाच्या अर्जात भिंतीलगतचं टेबल मागा. कडेच्या खणांत एका बाजूच्या बाकामागे भिंत किंवा लाकडी कठडा असतो, चौघा ज्येष्ठांना तिथे बसवा. वरचा सज्जा टाळा, स्वच्छतागृहाला जाताना दर वेळी जिना उतरावा लागेल.

दुसरं, वेळ. संध्याकाळी सहापर्यंत बँडला आवाजाची मर्यादा आहे. २००५ पासूनचा नियम, ८५ डेसिबल. तोवर वाद्यवृंदाची पारंपरिक गाणी चालतात आणि समोरच्याशी नीट बोलता येतं. सहानंतर नाचाची गाणी सुरू होतात आणि अख्खा तंबू बाकांवर उभा राहतो. टेबलावर चढलं तर हटकतात, पण बाकावर उभं राहणं हीच तिथली रीत. तुमचे बाबा बसलेले राहिले तर त्यांना चहूबाजूंनी फक्त लोकांच्या पोटऱ्या दिसतील. म्हणून म्हटलं, संध्याकाळ सोडा.

तिसरं, येण्याजाण्याची वाट. मोकळ्या भागात टेबलांमध्ये जेमतेम एक माणूस जाईल एवढीच जागा असते. वाढणारी बाई एका वेळी दहा-बारा मास उचलून येते. भरलेला एक मग काचेसकट सव्वादोन किलोंचा, म्हणजे छातीशी पंचवीसेक किलो धरून ती जवळजवळ पळत असते आणि तोंडाने शिट्टी वाजवत असते. ती थांबत नाही, तुम्हीच बाजूला व्हायचं. चार वर्षांचा मुलगा त्या वाटेकडच्या टोकाला कधीही बसवू नका. मोठी माणसं कडेला, मुलं आत.

भटकी_भिंगरी

दलालांपासून सावध राहा, हे कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. संकेतस्थळांवर एका टेबलाचे हजारो युरो मागतात. आमच्या ऑफिसातल्या काहींनी तसं टेबल घेतलं, दारात गेल्यावर कळलं की त्या नावाचं आरक्षणच नाही. २०२१ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने अशा एका विक्रेत्याला एका तंबूची टेबलं विकायला मनाई केली होती. तंबूचालकांच्या अटींतच नफ्यासाठी पुढे विकायला बंदी असते. घ्यायचं तर तंबूच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच.

नेकारवासी

बहीण स्टुटगार्टलाच आहे तर कानश्टाटचा फोक्सफेस्ट का नको? साधारण त्याच दिवसांत असतो, तिथेही भलेमोठे तंबू, तीच बाकं, तीच कोंबडी आणि परदेशी पर्यटक कमी. रात्री आईबाबा थेट लेकीच्या घरी झोपायला. म्युनिकला त्या आठवड्यात हॉटेलचे भाव ऐकले तरी घाम फुटतो.

पर्वतीपायथा

@नेकारवासी, मनापासून आभार. ताईनेही हेच सुचवलं होतं. पण बाबा भूगोलाचे शिक्षक. १८१० साली युवराज लुडविग आणि राजकन्या टेरेझ यांच्या लग्नानिमित्त घोड्यांची शर्यत झाली, टेरेझचंच नाव त्या कुरणाला पडलं आणि तिथूनच हा उत्सव सुरू झाला, हे त्यांनी वर्गात वर्षानुवर्षं सांगितलंय. त्यांना त्याच कुरणावर उभं राहायचंय. त्यामुळे म्युनिकच.

नेकारवासी

मग प्रश्नच मिटला. बाबांना माझा नमस्कार सांगा.

निळीशाई

ओइदे वीझन या वर्षी भरत नाही, नाहीतर तेच सुचवलं असतं. २०१० साली उत्सवाला दोनशे वर्षं झाली तेव्हा मैदानाच्या दक्षिण टोकाला हा जुन्या पद्धतीचा वेगळा भाग सुरू झाला. आत जायला थोडं शुल्क असतं आणि त्यामुळेच गर्दी आटोक्यात राहते. जुने पाळणे, लोकनृत्य, आवाज बेताचा. आईबाबांना घेऊन गेलेल्या मैत्रिणीने सांगितलं की मुख्य तंबूंपेक्षा त्यांना तिथेच जास्त आवडलं.

टेकडीवरचा

ओइदे वीझन असतं तर माझंही +१. आणि लेकुरवाळी यांचा पावसाचा मुद्दा मान्य. ऊन असेल तर तंबूबाहेरच्या बागेतली टेबलं सगळ्यात उत्तम, बहुतेक आरक्षणाविना असतात. पण सप्टेंबरअखेर तिथल्या हवेचा भरवसा नाही, हे खरं. ज्येष्ठ सोबत असतील तर दुपारचं आरक्षण करा, मी माझा आग्रह सोडतो. मात्र शनिवार नको म्हणजे नकोच. २७ सप्टेंबर २०२५ च्या शनिवारी इतकी माणसं लोटली की काही वेळ अख्ख्या मैदानाचा प्रवेश थांबवावा लागला. या वर्षी ३ ऑक्टोबरची सुट्टी शनिवारीच आलीये, तेव्हा तो शनिवार-रविवार सोडाच.

माइनकाठी

धागा वाचत होते, राहवलं नाही. आम्ही फ्रँकफर्टचे सहा जण आहोत, तीन जोडपी, सगळे मराठी. आम्हालाही त्याच आठवड्यात जायचंय आणि सहा जणांना अख्खं टेबल परवडत नाही म्हणून अडलंय. हिशेबनीस यांनी सहा माणसं शोधा म्हटलं तेव्हा हसूच आलं. चौदा आणि सहा वीस. दोन टेबलं पूर्ण भरतात. पर्वतीपायथा, तुमची हरकत नसेल तर बोलू या का? बुधवार ३० सप्टेंबर आम्हाला जमतो, सकाळच्या गाडीने साधारण साडेतीन तासांत म्युनिक.

हिशेबनीस

अरे वा! एकही कुपन वाया जाणार नाही. यासारखं दुसरं काही नाही.

गप्पिष्ट

मराठी माणूस एकत्र येत नाही म्हणणाऱ्यांना हा धागा दाखवा.

पर्वतीपायथा

माइनकाठी, हरकत कसली, तुमच्या तोंडात साखर पडो! व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. घरी सांगितलं तर काकूने लगेच विचारलं, 'त्यांच्यात कोणी कोल्हापूरचं आहे का?'

तर ठरलं असं: बुधवार ३० सप्टेंबर, दुपारची पाळी, शेजारशेजारची दोन टेबलं, भिंतीलगत. मंगळवारी मुलांसाठी पाळणे, सकाळी जाऊ.

आता शेवटची शंका. माणसं तीन दिशांनी येणार. सगळ्यांना एका वेळी आत कसं न्यायचं? उशीर झाला तर?

इसारकाठचा

उशीर करूच नका. ठरलेल्या वेळेनंतर काही वेळ वाट बघतात (किती, ते तुमच्या आरक्षणपत्रात लिहिलेलं असतं), मग टेबल दुसऱ्यांना देतात. निम्मी माणसं वेळेत बसलेली असली तर बाकीच्यांसाठी सबुरी दाखवतात, म्हणून म्युनिकमध्ये मुक्कामाला असलेल्यांनी आधी पोहोचायचं आणि फ्रँकफर्टकरांनी मागून.

आरक्षणवाल्यांना काही तंबू मनगटी पट्ट्या देतात. त्या एकट्याच्या खिशात ठेवू नका, प्रत्येकाच्या हातात आधीच बांधा. दार बंद झालं तरी पट्टी असली की बाजूच्या दाराने सोडतात. आत-बाहेर करताना काढायची नाही.

भेटायला बव्हारियाचा पुतळा धरा. मैदानाच्या पश्चिमेला टेकाडावर आहे, साडेअठरा मीटर उंच, कुठूनही दिसतो. मुख्य दारापाशी कोणी कोणाला सापडत नाही. गर्दीत फोन लागेलच असं नाही, म्हणून तंबूचं नाव आणि टेबल क्रमांक प्रत्येकाने कागदावर लिहून खिशात ठेवा, मुलीच्याही.

भुयारी रेल्वेने याल तर टेरेझियनवीझ स्थानकावर उतरू नका, गर्दीमुळे कधी कधी ते बंदच करतात. त्याच मार्गावर पुढचं श्वांथालरह्योहे. तिथून उतरलात तर पुतळ्याकडे चालत थोड्याच मिनिटांत पोहोचता आणि बाबांना मुख्य दाराच्या रेटारेटीतून जावं लागत नाही.

लेकुरवाळी

मुलीच्या खिशात कागद, मुलाच्या दंडावर पेनाने फोन नंबर. चार वर्षांचं मूल कागद काढून फेकतं.

माइनकाठी

व्यनि मिळाला, उत्तर दिलंय. अर्ज तुमच्या नावाने करा, आमच्या सहा जणांचे पैसे आधीच पाठवते. माझ्या नवऱ्याचं जर्मन चांगलं आहे, पत्राचा मसुदा तो आज रात्री लिहितोय: दोन टेबलं लागून, भिंतीकडे, सात शाकाहारी, एक चार वर्षांचा. आमच्यातले दोघे धरून शाकाहारी सात होतात ना?

आणि काकूंना सांगा, एक जोडपं इचलकरंजीचं आहे.

पर्वतीपायथा

हो, सातच. काकूला इचलकरंजी चालेल म्हणाली. पहिली पसंती ऑगस्टिनरचा तंबू लिहा, दुसरी ऑक्सनब्राटेरायचा. उत्तर आलं की इथे कळवतो.